दातांत धरलेलं घड्याळ

भिंगकाकांचं भिंग कपाळावरून कधी उतरत नसे. लग्नाच्या फोटोत ते नव्हतं एवढंच, त्यानंतरच्या एकूण एक फोटोंत होतं. चाळीस वर्षं त्यांनी एकाच खिडकीपाशी, एकाच खुर्चीत बसून गल्लीतली घड्याळं दुरुस्त केली होती आणि त्या खुर्चीत त्यांचा जीव अडकला होता. गेली सहा वर्षं दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात लेकीचंही टेबल होतं. तिच्या हाताला बापाचं कसब होतं. जीभ मात्र आईवर गेली होती.

"बाबा, कान तपासून घ्या," ती दिवसाआड म्हणायची.

"माझ्या कानांना काय धाड भरलीय?" काका दिवसाआड म्हणायचे.

धाड भरली होती, आणि ते काकांना पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी दुरुस्त झालेलं घड्याळ कानाशी धरलं, तर टिकटिकच येईना. बंद पडलं म्हणून उघडून बघितलं, तर आतलं चक्र आपलं मजेत झोके घेत होतं. नाक चोंदलेल्या आचाऱ्याकडे एक वेळ कोणी जेवायला जाईल, पण बहिऱ्या घड्याळवाल्याकडे घड्याळ कोण देईल? कानात यंत्र दिसलं की गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं की खुर्ची गेली.

मग त्यांनी शक्कल लढवली. घड्याळ कानाशी धरायचं, डोळे मिटायचे, मान डोलवायची आणि म्हणायचं, "झकास!" टिकटिक मोजणारं मशीन घ्यायचा लेकीचा हट्टही त्यांनी याच रुबाबात उडवून लावला होता. "चाळीस वर्षांचे कान असताना मशीन कशाला?" आणि नवल असं, की दोन वर्षांत एकही घड्याळ तक्रार घेऊन परत आलं नाही. शेवटी काकांनीच निष्कर्ष काढला, की आपल्या बोटांनाच आता कान आलेत. माणूस स्वतःच्या बाबतीत काय वाट्टेल ते पटवून घेतो.

त्यात तो क्रोनोग्राफ हाती लागला. जुन्या सामानाच्या बाजारात मोडक्या घड्याळांच्या ढिगाऱ्यात तो तळाशी पडला होता. घड्याळाचं घड्याळ आणि वर धावण्याच्या शर्यतीला लावावं तसं स्टॉपवॉच. बाजूला दोन बटणं. वरचं दाबलं की मधला लांब काटा पळत सुटायचा, पुन्हा दाबलं की थबकायचा, आणि खालचं दाबलं की टुणकन उडी मारून बारावर यायचा. म्हणजे कोणे एके काळी यायचा. काकांनी त्याच्यापायी चौदा महिने घालवले. गंजून गेलेलं एक दातेरी चाक तर दात-न्-दात हाताने घासून नवं केलं. पिवळसर पडलेली तबकडी मात्र तशीच ठेवली, म्हातारपण काही पुसायची गोष्ट नाही म्हणाले. आणि या सगळ्यात लेकीला बोटही लावू दिलं नाही. संध्याकाळी घड्याळ खणात, खणाला कुलूप, किल्ली काकांच्या खिशात.

काम संपलं त्या शनिवारी लेकीने पुन्हा कानांचा विषय काढला आणि काका उखडले.

"चल, पैज! हे घड्याळ विकायला ठेवू. घेणाऱ्याने एक जरी खोट काढली, तर तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो, तो देईल ते यंत्र कानात घालतो. नाही काढली, तर हा विषय या दुकानात पुन्हा नाही."

"आधी मला एकदा बघू द्या."

"तू काय बघणार त्यात?"

ती आपल्या टेबलाकडे वळली. एरवी तिने चार शब्द सुनावले असते, हे विजयाच्या नशेत काकांच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी दार भरून एक बाई आत आल्या. वाद्यवृंदात तीस वर्षं ड्रम वाजवून नुकत्याच निवृत्त झालेल्या. "सगळ्यांनी मिळून भेट म्हणून पैसे दिलेत," त्या म्हणाल्या. आवाज ड्रमच्या वर चढवायची सवय असावी, कारण काकांनाही शब्द-न्-शब्द कळला. "म्हटलं, एवढी वर्षं पन्नास जणांचा ठेका सांभाळला, आता स्वतःच्या हौसेचं काहीतरी घेऊ."

बाईंनी क्रोनोग्राफ उचलून बटण दाबलं. काटा पळाला, थबकला, टुणकन बारावर आला. बाई लहान मुलीसारख्या हसल्या आणि पुन्हा पुन्हा दाबत राहिल्या. काकांनी लेकीकडे बघून भुवई उडवली. लेक नखं चावत होती.

मग बाईंनी घड्याळ कानाशी नेलं. त्यांचं हसू हळूहळू मावळलं. त्या काहीतरी पुटपुटल्या.

"अगदी झकास!" काका म्हणाले.

"झकास कसलं, काका? हे लंगडतंय!" बाई मोठ्याने म्हणाल्या. "वेळ बरोबर दाखवत असेल, पण ठेका बघा त्याचा." आणि त्यांनी काउंटरवर दोन बोटांनी वाजवून दाखवलं. टक्-टक्, थोडं थांबून टक्-टक्, पुन्हा थोडं थांबून टक्-टक्. काकांचा हात काउंटरवरच होता. तो लंगडा ठेका लाकडातून त्यांच्या तळहातापर्यंत आला.

काकांचा चेहरा पडला. अशी चाल असलेलं घड्याळ आज चालतं आणि उद्या जरासा धक्का लागला की थांबतं, हे चाळीस वर्षांत त्यांनी किती जणांना सांगितलं होतं. आतली केसाएवढी स्प्रिंग जागेपासून जरा सरकलेली असते, एवढंच. कानवाल्याला दहा सेकंदांत कळतं.

"वीस मिनिटं बसा हं, ताई," लेक म्हणाली. तिच्या हातात चिमटा आधीच होता.

तिने घड्याळ उघडलं, चक्र अलगद उचललं, स्प्रिंग सूतभर फिरवली, चक्र बसवलं, कानाशी धरलं, पुन्हा उचललं. काका बघत राहिले. डोळे त्यांचे अजून घारीचे होते. इतक्या सराईतपणे हे काम करायचं, तर ते शेकडो वेळा केलेलं असावं लागतं. आणि असलं काम घेऊन तिच्याकडे तर कोणीच येत नव्हतं.

"हे तू आधी केलंयस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही जेवून डुलकी काढता ना, तेव्हा," ती त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली.

"किती घड्याळं?"

"कुलपात नव्हती तेवढी सगळी."

"दोन वर्षं? आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीस?"

"दिवसाआड सांगत होते, बाबा. तुम्हाला ऐकू येत नव्हतं."

ड्रमवाल्या बाई खो खो हसल्या. काकांना आधी लाज वाटली, मग राग आला, आणि मग दोन्ही ओसरली. आपली अब्रू या पोरीने दोन वर्षं रोज दुपारी, हळूच, चिमट्याने सांभाळली होती.

घड्याळाच्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी टोकदार सुईने स्वतःची बारीक खूण आणि तारीख कोरली होती. दुरुस्त करणाऱ्याने तशी कोरायचीच असते. त्यांनी सुई लेकीच्या पुढ्यात ठेवली.

"माझ्या खाली तुझी खूण कर."

तिने केली. झाकण बसलं. बाईंनी घड्याळ ऐकलं आणि मान डोलवली, "आता कसं तालात आलं!"

"एक मिनिट," काका म्हणाले. काउंटरच्या लाकडाने त्यांना एक जुनी गोष्ट आठवून दिली होती. त्यांना काम शिकवणारे म्हातारे कारागीर गोंगाटात घड्याळ कानाशी नेत नसत; टिकटिक हाडातून थेट आत पोचते म्हणत. काकांनी घड्याळ रुमालाने पुसलं आणि कड दातांत धरली.

टिक. टिक. टिक. डोक्याच्या पार आतून, बारीक, एकसारखी. दोन वर्षांत पहिल्यांदा. काकांचे डोळे भरून आले आणि ते पुसायचंही त्यांना सुचेना.

"काका, मी घेतलंय ते," बाई म्हणाल्या. "खाऊ नका."

पैसे देऊन झाले, घड्याळ बाईंच्या मनगटावर चढलं.

"दातांनी ऐकू येतं की मला," काकांनी शेवटचा प्रयत्न केला. "यंत्र कशाला?"

"गिऱ्हाइकांनाही दातांतच धरणार का?" लेक म्हणाली. "चार वाजताची वेळ घेतलीय डॉक्टरची. गेल्या शनिवारीच."

काकांनी खिडकीपाशच्या खुर्चीकडे बघितलं. विचारायचं नव्हतं, तरी तोंडून निघालंच. "आणि खुर्ची?"

"खुर्ची तुमचीच आहे हो! फक्त माझं टेबल तिच्याजवळ सरकवा. कोपऱ्यातून ओरडून ओरडून घसा बसलाय माझा."

टेबल चांगलंच जड होतं. काकांनी एक बाजू धरली, लेकीने दुसरी, आणि ड्रमवाल्या बाईंनी ठेका दिला. तिसऱ्या हिसक्याला ते खिडकीपाशी आलं.