तंबोरीचे चार दोरे

मित्रांनो, मी तंबोरी. वयाने जुनी आहे, मोडकी नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पावस गावाजवळच्या आमच्या घरात जो येतो तो मला बघून विचारतो, "ही अजून चालते का?" चालायला मी काय होडीचं इंजिन आहे?

माझा जन्म मिरजेचा. माझा भोपळा वेलीवर वाढला, महिनोन्‌महिने वाळला, मग कारागिराने त्याला लाकडाची लांब मान जोडली आणि चार तारा चढवल्या. तारा खाली एका पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एकेक दोरा सरकवलेला असतो. दिसायला एवढासा. पण तो नसला तर तार पत्र्यासारखी वाजते. तो असला म्हणजे आवाज घुमतो, गाणाऱ्याला धरून ठेवतो. माझं सगळं रडगाणं त्या दोऱ्याचंच आहे.

मला या घरात बाबल्याने आणली. तो होडीवर तांडेल होता, म्हणजे होडीचा मुख्य खलाशी, आणि गात होता. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की माझ्याजवळ बसायचा. तांडेलाला हे कसलं वेड, असं म्हणत लोक यायचे आणि गप्प बसून ऐकायचे. बाबल्या गेला, आणि सहा वर्षं मी भिंतीला. माझ्यावर टोप्या अडकवल्या, मोबाईलच्या वायरी लटकवल्या. एकदा तर लसणीची माळ बांधली. मी बोलत नाही म्हणून काहीही करायचं का?

मग बाबल्याची नात पूर्वी गायला लागली. दर्शनाताई तिच्या गाण्याच्या बाई. त्यांनी मला पुसलं, तारा बदलल्या, नवे दोरे घातले. पूर्वीचा हात माझ्यावर बसला. तीन वर्षं मी पुन्हा माणसांत होते.

यंदा पूर्वीची दहावी. तिचा बाप संदेश मुंबईला नोकरीला. त्याने फोनवर स्पष्ट सांगितलं, रत्नागिरीच्या स्पर्धेत पहिल्या तिघांत नंबर आला तर गाणं चालू ठेव, नाही तर क्लास बंद. पोरगी त्या दिवसापासून नीट जेवली नाही.

आता धोंडूबाईबद्दल सांगते. ती बाबल्याची बायको, घराची मालकीण. स्वच्छतेत तिचा हात कोणी धरणार नाही असं सगळी वाडी म्हणते, आणि ती म्हणू देते. स्पर्धेच्या दिवशी सकाळी, पूर्वी आंघोळीला गेली असताना, ती फडका घेऊन माझ्याकडे आली. चार माणसांत जायचं तर तंबोरी लख्ख दिसायला हवी. भोपळा पुसला. मान पुसली. मग तिला घोडीवर मळके दोरे दिसले. बांगड्याचा काटा काढावा तसे तिने ते एकेक करून उपटले आणि केरात टाकले. मी किंचाळले असते, पण वाजवल्याशिवाय मला आवाज नाही. मग गोधडीत गुंडाळून मला एसटीत घातली.

सभागृहात दीड तास सत्कार. शाल, नारळ, भाषण, पुन्हा नारळ. मंचामागे पूर्वी मला उघडायला लागली तर विनीत नावाचा आयोजक धावत आला, पाहुणे बोलतायत, सूर लावू नका म्हणाला. मग वेळ कमी पडला म्हणून प्रत्येक मुलाचीच पंधरा मिनिटं आठावर आणली. पाहुण्यांचा एक शब्द कमी केला नाही. गाण्याच्या स्पर्धेत गाणं तेवढं जास्त झालं होतं.

पूर्वी मंचावर बसली, गोधडी काढली, तार छेडली. ठण्. पुन्हा छेडली. ठण्. तिने खाली बसलेल्या दर्शनाताईंकडे पाहिलं. विनीत म्हणाला, सगळ्यांनी मोबाईलवरचाच तानपुरा घेतलाय, लावू का? पूर्वी नको म्हणाली. ती सूर लावायची तो माझ्याच आवाजावर, दुसऱ्याची तिला सवय नव्हती. तोवर दर्शनाताईंनी पुढे येऊन घोडी पाहिली आणि विचारलं, "पूर्वी, दोरे कुठे गेले?"

पहिल्या रांगेतून धोंडूबाई म्हणाली, "ते मळके दोरे होय? सकाळीच काढून टाकले मी."

सभागृह हसलं. दर्शनाताई हसल्या नाहीत. त्यांनी तिला दोन वाक्यांत समजावलं. धोंडूबाई उठली, मंचावर चढली, अंगावरच्या नव्या जांभळ्या लुगड्याचा पदर दातांनी फाडला आणि चार दोरे ओढून काढले. पूर्वीच्या हातात दिले. दोरे सरकवून सूर लागेपर्यंत पाच मिनिटं गेली. उरलेल्या तीन मिनिटांत पूर्वी भूप गायली. बंदिशीची पहिली ओळ संपते न संपते तोच घंटा वाजली.

नंबर आला नाही. पहिला आला तो मुलगा मोबाईल लावून गायला, आणि चांगला गायला. खोटं कशाला बोलू?

संध्याकाळी संदेशचा फोन आला. पूर्वी उचलायला तयार नव्हती. धोंडूबाईने उचलला. या बाईने माझ्या देखत कधी कोणापुढे मान खाली घातलेली नाही. ती म्हणाली, "नंबर माज्यामुळं गेला. पोरगी चुकली नाय, मी चुकले. काय बोलायचं ते मला बोल. तिचा क्लास बंद नाय होणार."

 पलीकडून संदेशने विचारलं, पुढची स्पर्धा कधी आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर तुम्हाला जो मळ दिसतो तो मळच असतो असं नाही. पुसा, जरूर पुसा, पण ती वापरणाऱ्याला आधी विचारा. विचारल्याने कोणाची अब्रू जात नाही. न विचारल्याने जाते, ती भर सभागृहात.

माझी माफी मात्र अजून कोणी मागितलेली नाही. धोंडूबाई रोज सकाळी केरसुणी घेऊन येते, चष्मा लावून माझे जांभळे दोरे जागेवर आहेत ना ते बघते, आणि मला हात न लावता भोवतालचा केर काढून जाते.