पेरेसच्या मरणाची बातमी

कुणी विश्वास ठेवणार नाही, पण मेलेल्या माणसाला संगणकातून भांडताना मी ऐकलंय.

"कालच्या गोष्टीत मगर प्रार्थनेला गेली होती," मासे तळणाऱ्या दोरिनाच्या कढईजवळ वाट पाहणारा ओमोलो म्हणाला.

"तीही गेली होती. आता ऐक."

तेव्हा मी सरोवराकाठच्या रेडिओ केंद्रावर पहारेकरी होतो. आपण तास मोजतो दिवस उगवल्यापासून, आणि रात्रीचे मावळल्यापासून. संध्याकाळचे सात म्हणजे आपला एक. केंद्राचा जुना तंत्रज्ञ ओग्वेनो, देव त्याचं भलं करो, त्याने संगणकाचं घड्याळच सहा तास मागे लावलेलं. वेळापत्रकाच्या फाइलीत लिहिलेलं, मयताच्या बातम्या एक वाजता, यंत्राच्या हिशेबाने दुपारी. बेटांवरचे कोळी त्या ऐकूनच होड्या सोडायचे.

ओग्वेनो देवाघरी गेला. मग संगणक ज्यावर चालतो त्या लिनक्सची नवी आवृत्ती चढवायला नवा तंत्रज्ञ ओचोला आला, नेमका गावातली पेरेस वारली त्याच दिवशी. तिचा थोरला मुलगा ओयुगी होता बेटावर, तिथे फोन लागत नाही. सकाळी दफन, आणि पहिली मूठ माती थोरल्यानेच टाकायची. बातमी यंत्रात भरून ठेवली होती. सगळी भिस्त तिच्यावर.

यंत्राने ओचोलाला विचारलं, जुन्या फाइली ठेवू की नव्या घेऊ? वेळापत्रकाची त्याने जुनी ठेवली. घड्याळ मात्र चुकलेलं दिसलं, म्हणून त्याची नवी घेतली.

"नीट पाहिलंस ना रे?" मी विचारलं.

"आजोबा, तुम्ही फाटक सांभाळा."

संध्याकाळी सातला नुसती गाणी लागली. ओचोला केव्हाच निघून गेलेला. घड्याळ सुधारलं, पण वेळापत्रकात अजून एक वाजताच होतं; म्हणून बातमी आता लागणार होती दुसऱ्या दिवशी भर दुपारी एकला, खड्डा बुजल्यावर. बाहेर सरोवर काळं पडत चाललेलं, आणि बेटावर एकालाही पत्ता नाही.

"तेवढ्यात यंत्र खोकलं," मी आवाज चढवला. "ओग्वेनोचाच खोकला! म्हणाला, 'माझ्या घड्याळाला हात कुणी लावला रे?' आणि सगळी बातमी स्वतः वाचली. ओयुगीने होडी पाण्यात ढकलली, लाटांनी ती उचलून आणली. पोरगा खड्ड्याशी पोचला, वाकला, मुठीत माती घेतली—"

दोरिनाने झारा कढईत टाकला. पेरेस तिची सख्खी बहीण.

"बास, आजोबा! पहिली मूठ मी टाकली. ओयुगी आला तेव्हा आम्ही जेवणाची भांडी घासत होतो. खोटं बोलताय तुम्ही!"