प्रश्नमंजूषेला नेलेला पेटारा

सुरुवातीलाच माफी मागतो. माझ्या बोलण्यातही वेलांट्या चुकतील आणि शब्दही साधेच येतील. मी शाळा फार लवकर सोडली. खरं सांगायचं तर मला काढलं. मी एक सागवानी पेटारा बोलतोय. केनवडजवळच्या तांड्यात, गोमतीबाईच्या घरी राहतो. चार लोकांत बोलायची मला सवय नाही, म्हणून भिंतीकडे तोंड करून सांगतो. तुम्ही मागून ऐका.

माझा जन्म शिरपूरला एका सुताराच्या ओसरीत झाला. त्याला आधी पाळणा करायचा होता. पाळणा सांगणाऱ्या गिऱ्हाइकानं मध्येच विचार बदलला, तेव्हा सुतारानं उरलेल्या फळ्या ठोकून मला पेटारा केलं. त्यामुळे माझा तळ जरा गोल राहिला. कुणी शेजारून जोरात चाललं की मी डुलतो. लोकांना वाटतं, मी लाजतो. तेही खोटं नाही.

गोमतीबाईच्या लग्नात तिच्या बापानं मला घेतलं. तिचा आरशांचा घागरा आणि कवड्यांची ओढणी बरीच वर्षं माझ्यात होती. पुढं तिचा मुलगा उदयसिंग तांड्यातल्या शाळेत जाऊ लागला. त्या शाळेला कपाट नव्हतं, म्हणून खडू ठेवायला मला नेलं. मुलं म्हणत ते मी ऐकत असे. अक्षरं आली, बेरीज आली. मग एकदा इन्स्पेक्टरसाहेब आले. त्यांनी माझ्या काठावर हात ठेवून टापटिपीवर भाषण सुरू केलं आणि माझं झाकण आपोआप पडलं. त्यांचं बोट आणि माझं शिक्षण एकाच दिवशी दुखावलं. वजाबाकी सुरू व्हायच्या आत मी घरी परत आलो.

घरी माझ्यात गोमतीबाईची कोंबडी राहू लागली. झाकण उघडंच असे. मला वाटलं, आता आयुष्य असंच जाणार.

उदयसिंग मात्र पुढच्या हायस्कुलात गेला. पोरगा हुशार. पाटीवर काहीही लिहून दाखवायचा. पण तोंडी विचारलं की उभा राहून पायाच्या अंगठ्याकडे पाहत बसायचा. त्याचा बाप रामधन पाटलाची आणि गावाची गुरं वळत असे. गुरं वाढली होती आणि त्याला मदतीला माणूस हवं होतं. मुलगा बोलतच नाही तर शाळा कशाला, असं त्याचं म्हणणं होतं.

त्या वर्षी, म्हणजे छप्पन सालच्या हिवाळ्यात, हायस्कुलात एक पत्रक आलं. शहरातल्या विद्यापीठाच्या आवारात हायस्कुलांची ‘प्रश्नमंजूषा’ होणार होती. मुख्याध्यापक मारोतराव यांनी हा शब्द कधी ऐकला नव्हता. त्यांनी शब्दकोश काढला. मंजूषा म्हणजे पेटी, पेटारा. त्यांनी सगळ्या मास्तरांना बोलावलं. बराच विचार झाला आणि असं ठरलं की प्रत्येक शाळेनं प्रश्नांसाठी आपापला पेटारा घेऊन जायचा आहे. कुणाकडे पेटारा आहे, असं वर्गात विचारलं तेव्हा उदयसिंगनं हात वर केला आणि पाटीवर माझं चित्र काढून दाखवलं. अशानं तो संघात आला, आणि मीही.

मारोतराव मला न्यायला घरी आले, तेव्हा कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. गोमतीबाईनं चहा दिला आणि स्पष्ट सांगितलं.

“पेटारा न्या, मास्तर. पन माही कोंबडी उठवाची नाही. अंडी थंडी झाली त तुमी बसान का त्याइच्यावर?”

मारोतरावांनी थोडा वेळ विचार केला आणि नाही म्हणाले. मग मी कोंबडीसकट निघालो. मला डोक्यावर घ्यायला रामधन बरोबर आला. निघताना तो मुलाला म्हणाला, “तिथं चार मानसांत तोंड उघडलं त शाळा. नाही त आल्यावर गुरामांगं. मी पाटलाले तसं बोलून ठेवलं.”

उदयसिंगनं मान हलवली. तेही त्याच्या मानानं खूप झालं.

वाशिमला आगगाडीत तिकीट तपासनीस आला. कोंबडीचं तिकीट कुठाय, असं त्यानं विचारलं. मारोतरावांनी पत्रक पुढं केलं आणि ही कोंबडी नाही, ही प्रश्नमंजूषा आहे असं सांगितलं. त्यानं पत्रक वाचलं, शिक्का पाहिला, कोंबडीकडे पाहिलं आणि सलाम करून पुढं गेला. सरकारी शिक्क्याची ताकद मी तेव्हा पाहिली.

विद्यापीठाचा हॉल एवढा मोठा होता की त्यात आमचा तांडा गुरांसकट मावला असता. इतर शाळांची मुलं इस्त्रीचे कपडे घालून बसली होती. कुणीच पेटारा आणला नव्हता. मला पाहून हसू सुरू झालं. मारोतरावांचे कान लाल झाले. पण अध्यक्ष होते संस्कृतचे एक म्हातारे प्राध्यापक. ते व्यासपीठावरून खाली आले, माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले की इतक्या शाळांत फक्त याच शाळेनं शब्दाचा अर्थ पाहिला आहे. सगळे प्रश्न याच मंजूषेत ठेवले जातील.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकायला ते वाकले. कोंबडीनं त्यांच्या हातावर चोच मारली. ते दचकले आणि चिठ्ठ्यांबरोबर त्यांचा चष्माही माझ्यात पडला. कोंबडीनं तो पायानं ओढून पोटाखाली घेतला. अंडं समजली असेल. एका संघाचा पुढारी चिठ्ठी काढायला आला, त्याचंही बोट टोचलं. मग कुणी पुढं येईना. तेव्हा उदयसिंग उठला, कोंबडीच्या पोटाखाली अलगद हात घातला आणि एक चिठ्ठी काढून अध्यक्षांना दिली. चष्मा काढायला गेला तर कोंबडी अंड्यांसकट सरकू लागली, म्हणून त्यानं तो राहू दिला.

अध्यक्षांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली आणि त्याच्या हातात परत दिली. “तूच वाच, बाळ.”

तो माझ्यात तोंड घालूनच वाचू लागला. पण मी पोकळ आहे ना, त्याचा आवाज माझ्यात घुमला आणि शेवटच्या बाकापर्यंत गेला. मला आतून गुदगुल्या झाल्या. त्यानंतर प्रत्येक प्रश्न त्यानंच काढला, त्यानंच वाचला. आपल्या राज्याची राजधानी कोणती, या प्रश्नावर अर्धा हॉल नागपूर म्हणाला, अर्धा मुंबई. आमचा मुलूख नुकताच नागपूरच्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेला होता आणि चिठ्ठी जुन्या राज्यात लिहिलेली होती. प्राध्यापकांचं त्यावर जेवणाच्या सुट्टीपर्यंत भांडण चाललं.

सुट्टीत मारोतराव खुशीत रामधनकडे गेले. पोरगा बोलला की नाही, असं त्यांनी विचारलं. रामधन भाकरी खात होता.

“कायचा बोलला? कागद बोलला. वाचनं म्हंजे बोलनं नाही, मास्तर.”

उदयसिंगनं हातातली भाकरी खाली ठेवली.

सुट्टीनंतर माझ्या पोटात टकटक सुरू झाली. अंडी फुटत होती. कोंबडी पिलांना घेऊन उठली, माझ्या काठावरून उडी मारून व्यासपीठावर फिरू लागली. अध्यक्षांना चष्मा मिळाला. काचेला टरफल चिकटलं होतं, पण दिसत होतं. आता ते उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन स्वतः प्रश्न वाचू लागले आणि उदयसिंगला त्याच्या संघात बसायला सांगितलं. मी रिकामा झालो. त्याच्यासाठी मला काहीच करता येईना.

शेवटचा प्रश्न आमच्या शाळेला आला, आणि पाळी उदयसिंगची. आफ्रिकेतली सर्वांत लांब नदी कोणती?

तो उभा राहिला. अंगठ्याकडे पाहू लागला. मागं रामधन पागोट्याचं टोक चावत होता. अध्यक्षांच्या टेबलावरचं घड्याळ चालू होतं. मग त्यानं मान वर केली.

“मले येत नाही,” तो म्हणाला. “आमच्या शाळेच्या नकाशातली आफ्रिका उंदरानं खाल्ली. बाकी जग शाबूत आहे. त्यातलं इचारा.”

सगळा हॉल हसला. मारोतरावांनी मान खाली घातली. त्यावरून ते खरं असावं. पोरगा मात्र बसला नाही. हसणं थांबेपर्यंत उभा राहिला आणि पुन्हा म्हणाला, “इचारा ना.”

नियमात तसं नव्हतं. अध्यक्षांनी हळहळून शून्य दिलं. आमची शाळा शेवटची आली.

स्टेशनवर मारोतरावांना रामधनशी बोलायचा धीर होईना. शेवटी रामधनच बोलला. “एवढे लोक हासले, तरी थो खाली नाही बसला. मी असतो त पळालो असतो.” मग मला डोक्यावरून खाली ठेवून म्हणाला, “जाऊ द्या त्याले शाळेत. पाटलाले मी सांगतो.”

हे म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हा माणूस दिवसभर गुरांशी बोलतो, पण पाटलासमोर आजवर याच्या तोंडून ‘हो मालक’ याशिवाय शब्द निघालेला नाही. त्यात मुलगा देतो असं कबूल करून बसलेला.

माझी तुम्हाला एकच विनंती आहे. घरात एखादा पेटारा रिकामा झाला, तर लगेच त्यात कांदे भरू नका. दोन दिवस तसाच राहू द्या. कुणाला तरी त्याचं काम असेल.

आम्ही घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उदयसिंग दप्तर घेऊन शाळेत गेला. गोमतीबाई पिलांना घेऊन अंगणात बसली होती. रामधन आत आला, दार लोटलं, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि माझ्यात डोकं घातलं.

“पाटील,” तो हळूच म्हणाला, “माहा पोरगा गुरामांगं येनार नाही.” परत म्हणाला, जरा मोठ्यानं. “थो शाळेत जाते.”

मला दुसरं काही येत नाही. मी त्याचा आवाज आत घेतला, थोडा मोठा केला आणि त्याचा त्याला परत दिला.