कोजागिरी आणि माझी दुर्बीण

लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक वाढदिवसाला आमच्या ह्यांनी, म्हणजे श्रीकांतने, साडी आणली, आणि तीही मला न विचारता. बँकेतले साहेब. सही केली की विषय संपला. यंदा मी आधीच बजावलं, "साडी आणलीत तर नेसणार नाही. मला दुर्बीण हवी."

हा हट्ट उगाच नव्हता. ह्यांची बदली होऊन आम्ही कोलकात्यात बेहाल्याला आलो तेव्हा मला बंगाली येईना, ओळखी होईनात. म्हणून मी मोबाइलवर खगोलशास्त्राचा फुकटचा अभ्यासक्रम केला. मग आकाशाचा नकाशा दाखवणारं अ‍ॅप घेतलं. मग वेधशाळांनी इंटरनेटवर खुले केलेले फोटो पाहून दीर्घिकांचे आकार ओळखून द्यायला लागले. हे काम घरबसल्या कुणालाही करता येतं. मी करते, आणि चांगलं करते.

ह्यांनी खरंच दुर्बीण मागवली. आरशाची, भक्कम तिवईवरची. मी हरखून गेले. पण ह्यांना दम कुठला? कोजागिरीला अख्ख्या मराठी मंडळाला आमच्या गच्चीवर मसाला दूध आणि चंद्रदर्शनाचं आमंत्रण देऊन मोकळे!

"अहो, दुर्बिणीतून पौर्णिमेचा चंद्र बघण्यात मजा नाही," मी म्हटलं. "ऊन समोरून पडतं, सावल्याच दिसत नाहीत. खड्डे, डोंगर बघायचे तर अर्धा चंद्र हवा. दिवाळीनंतरच्या अष्टमीला बोलवा, नाहीतर कोजागिरीला शनी दाखवू."

"कोजागिरीला लोकांना शनी दाखवू? आणि पूर्ण चंद्रापेक्षा अर्धा चांगला? काहीतरीच तुझं!" झालं, सही पडली.

कोजागिरीला शेजारच्या घरांतून लक्ष्मीपूजेचे शंख वाजत होते, जिन्यात तांदळाच्या पिठाची पावलं काढलेली होती, आणि गच्चीवर आमचं मंडळ रांगेत उभं होतं. प्रत्येक जण भिंगाला डोळा लावायचा आणि पाणावलेला डोळा पुसत बाजूला व्हायचा.

"अलका, नुसती ट्यूबलाइट दिसतेय गं," मंडळाच्या अध्यक्षा मंगलाताई म्हणाल्या. "यापेक्षा नुसत्या डोळ्यांनी बरा दिसतो." सगळे दुधाकडे वळले.

ह्यांचा चेहरा पडला. मला रागही आला आणि वाईटही वाटलं. कोपऱ्यात उभे राहून हे मोबाइलवर काहीतरी करत होते. "परत करायची मुदत उद्या संपतेय," ते म्हणाले. "विनंती टाकलीय. दुपारी माणूस येऊन नेईल."

आयुष्यात पहिल्यांदा मी मागितलेली वस्तू मिळाली होती, आणि ती मला न विचारता निघाली होती.

"उद्याचं उद्या," मी म्हटलं. "आज माझं ऐकायचं." चंद्राच्या वर, उजव्या हाताला शनी होता. तेजस्वी ग्रह पौर्णिमेच्या उजेडाला भीक घालत नाहीत. मी नळी वळवली, भिंग नीट केलं आणि ह्यांना पुढे ओढलं.

ह्यांनी वाकून भिंगाला डोळा लावला. मग हळूच म्हणाले, "कडं... अलका, खरंच कडं आहे गं त्याला!" आणि लगेच ओरडले, "गेला! मी हात नाही हं लावला!"

"तो कुठे जातोय? पृथ्वी फिरतेय, म्हणून सरकतो. नळी हलकेच ढकला."

ह्यांनी ढकलली. शनी सापडला, हरवला, पुन्हा सापडला. मंगलाताई दुधाचा पेला घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या, "श्रीकांतराव, आता आम्हाला बघू द्या," म्हणाल्या, तरी हे जागचे हलेनात. शेवटी मान वर करून मला विचारलं, "याच्यानंतर काय बघायचं?" आणि उत्तराची वाट बघत थांबले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. परतीचा माल नेणारा माणूस होता. हे उघडायला गेले. मी स्वयंपाकघरात जीव मुठीत धरून उभी होते.

"दादा, क्या खराबी है इसमें?" त्याने विचारलं.

"इसमें कुछ खराबी नहीं, ये यहीं रहेगी," हे म्हणाले. "हमारी मिसेस ने पूनम का चाँद दिखाने को मना किया था, हमने सुना नहीं."