सौ. शालन मु. तिवटे

कुंडीत खोचलेल्या आइस्क्रीमच्या काडीवरचं नाव पावसानं धुऊन गेलं, त्या दिवशी तिवट्यांच्या परसातला कढीपत्ता पुसट झाला. वाळला नाही, किडला नाही, पुसट झाला. सकाळी दहा वाजता त्याच्या पानांतून पलीकडची भिंत दिसत होती आणि भिंतीवरचं शेवाळही दिसत होतं. शालननं त्याची सहा पानं तोडून गरम तेलात टाकली. ती तडतडली नाहीत. आमटी झाली, पण तिला आमटी म्हणायचं ते केवळ ती पातेल्यात होती म्हणून.

आठवड्याभरात गवती चहा गेला, मग अडुळसा, मग मोगरा. गेला म्हणजे होता जागेवरच, पण हात लावला तर बोटांना काही लागत नव्हतं. शालनच्या बारा कुंड्या होत्या आणि प्रत्येकीत नावाची पट्टी खोचायची तिची पहिल्यापासूनची शिस्त. झाडाला रोज आपलं नाव दिसलं पाहिजे, नाहीतर ते तरी कशाच्या आधारावर उभं राहणार, असं ती म्हणे. काड्या टिकेनात तेव्हा तिनं श्रीखंडाच्या डब्यांची झाकणं कापून पट्ट्या केल्या, मार्करनं नावं लिहिली, वर नखांना लावायचं पॉलिश फासलं. ती उन्हानं उडाली. शेजारच्या आवटीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "पेन्सिलीनं लिवा. पेन्सिल उन्हाला भीत न्हाई." पेन्सिल खरंच भ्यायली नाही, पण गोगलगायींनी पट्ट्याच खाऊन टाकल्या.

नाव जाणं त्या घराला नवीन नव्हतं. दोन पावसाळ्यांपूर्वी दारावरची रंगवलेली पाटी अर्धी धुऊन निघाली होती. वळचणीखालचं 'तिवटे' तेवढं राहिलं, पागोळ्यांखाली आलेलं पहिलं नाव गेलं. पाटीवरून गेलं तसं ते रेशनकार्डावरून आणि तिवट्यांच्या डोक्यातूनही गेलं. रंगाऱ्याला बोलावू, बोलावू म्हणत राहून गेलं, कारण अडत काहीच नव्हतं. बाजारात लोक तिवटेमामा म्हणत, घरात शालन "अहो" म्हणे. फक्त तेव्हापासून ते सतरंजीवर बसले तरी सतरंजीला सुरकुती पडत नसे आणि कुठंही त्यांचं बूड टेकत नसे. सारखे आपले उठून दारापर्यंत जायचे आणि परत यायचे.

"अहो," शालन म्हणाली, "जन्मभर लोकांची नावं घातलीत. माझ्या बारा कुंड्यांना घाला की."

हे खोटं नव्हतं. अडतीस वर्षं तिवट्यांनी बाजारपेठेतल्या भांड्यांच्या दुकानात एका स्टुलावर बसून भांड्यांवर नावं घातली होती. लग्नसराईत त्यांच्यापुढं रांग लागायची. मान वर न करता ते विचारायचे, "नाव काय घालायचं?" गिऱ्हाईक नाव सांगायचं, मशीनची सुई टर्रर्र करत फिरायची आणि तांब्या जन्माचा कुणाचातरी होऊन जायचा. पुढं दुकानात संगणकावर चालणारं यंत्र आलं आणि तिवटे घरी आले. पण हे त्यांच्या हाताला कुणी कळवलं नाही. रिकामे बसले की उजवा हात मांडीवर आपला लिहीतच राही.

त्यांनी माळ्यावरून मशीन काढलं. एक जुनी स्टीलची परात पत्र्याच्या कात्रीनं कापली, कानशीनं कडा मारल्या, प्रत्येक पट्टीला भोक पाडलं. चौदा पट्ट्या निघाल्या. स्टीलला ऊन खात नाही, पाणी खात नाही, आणि गोगलगायीच्या तर बापालाही ते जाणार नाही, असं ते आनंदानं म्हणाले. कित्येक दिवसांत ते इतका वेळ एका जागी बसले नव्हते. बाराच्या आत त्यांनी बारा पट्ट्या लिहिल्या आणि तांब्याच्या तारेनं बारा झाडांना बांधल्या.

जेवण झाल्यावर शालन चष्मा लावून परसात गेली आणि तशीच परत आली.

"हे काय घातलंत?"

"काय घातलं?"

"सगळ्यांवर माझंच नाव आहे."

तिवटे जाऊन वाकून बघून आले. बाराही पट्ट्यांवर वळणदार अक्षरात एकच मजकूर होता. सौ. शालन मु. तिवटे. कढीपत्ता नाही, मोगरा नाही. आता याला चूक म्हणावं तर त्यांच्या धंद्यात ती चूक नव्हतीच. पातेल्यावर कुणी 'पातेलं' असं घालत नाही. पातेलं कुणाचं, ते घालतात. भांड्याच्या काठाला जागा थोडी, म्हणून नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर आणि टिंब. अडतीस वर्षं हाताला एवढंच ठाऊक होतं. परातीचा पत्रा लागला आणि हात आपल्या वाटेनं गेला.

"उद्या दुसऱ्या करतो," तिवटे म्हणाले.

पण तीन वाजेपर्यंत झाडं भरली. पानं जाड आणि गडद झाली, त्यांच्या सावल्या जमिनीवर दणदणीत पडल्या. कढीपत्त्याला शिकेकाईचा वास यायला लागला. गवती चहा कपडे वाळत घालताना शालन गुणगुणायची ते गुणगुणायला लागला. आणि मोगरा घसा साफ करून म्हणाला, "अहो, जरा पाणी."

तिवट्यांनी मागं वळून पाहिलं. शालन पायरीवर तांदूळ निवडत बसली होती. तिच्या बोटांतून खालचे तांदूळ दिसत होते.

ते धावत अडुळशाकडे गेले आणि त्याची तार सोडली. अडुळसा त्याच क्षणी नाहीसा झाला, कुंडीत नुसती माती राहिली. पायरीवरून शालन शांतपणे म्हणाली, "अहो, मला डाव्या डोळ्यानं दिसेना झालं." तिवट्यांनी पट्टी मातीत खोचली. अडुळसा परत आला, डोळाही परत आला. मग त्यांनी कढीपत्त्याच्या पट्टीवरचं नाव कानशीनं घासून काढायला घेतलं.

"दुखतंय," शालन म्हणाली. त्यांनी कानस ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेरावी पट्टी लिहिली. सौ. शालन मु. तिवटे. दोऱ्यात ओवून ती शालनच्या गळ्यात घातली आणि समोर उकिडवे बसून वाट पाहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग तिची करंगळी भरली, गहूवर्णी, घट्ट, नखासकट. बाकी काही भरलं नाही. एक नाव तेरा जणांत वाटल्यावर वाट्याला तेवढंच यायचं.

"करंगळी तर करंगळी," शालन म्हणाली. तिला थट्टा सुचत होती आणि तिवट्यांना ती ऐकवत नव्हती.

दुपारी आवटीबाई कढीपत्ता मागायला आल्या. पायरीवर बसलेल्या शालनकडे त्यांनी पाहिलंच नाही. सरळ कुंडीपुढं उभ्या राहून म्हणाल्या, "काय शालनताई, बरं हाय न्हवं?"

"बरं आहे," कढीपत्ता म्हणाला. "बसा की."

"बसत न्हाई. चार पानं नेते." आणि त्यांनी एक डहाळी काडकन मोडली.

शालन कळवळली. तिवट्यांनी आवटीबाईंच्या हातातून डहाळी हिसकावून घेतली. त्या त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. "चार पानांसाठी एवढं?" म्हणाल्या आणि निघून गेल्या. तिवटे डहाळी हातात धरून परसात येरझाऱ्या घालत राहिले. ती जोडता येत नव्हती आणि टाकवतही नव्हती. शेवटी त्यांनी ती वाटीत पाणी घेऊन देवापुढं ठेवली.

शालनचा जीव पहिल्यापासून स्वयंपाकघरात. त्यामुळे कुंड्या सरकायला लागल्या. कुणी सरकताना दिसत नव्हत्या, पण दर वेळी तिवटे बाहेर डोकावले की त्या दाराच्या वीतभर जवळ आलेल्या असत. तिसऱ्या दिवशी बाराही कुंड्या पायरीवर दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि मागचं दार लागेनासं झालं. आतून दूध उतू गेल्याचा वास आला की सगळ्या एकदम "अहो, दूध!" म्हणायच्या. तिवटे धावायचे. धावता धावता पायरीवर बसलेल्या शालनच्या अंगातून जायचे आणि मग त्यांना इतकं अपराधी वाटायचं की दूध तसंच उतू जायचं.

चौथ्या दिवशी सकाळी शालनची करंगळी, साडीचा काठ आणि आवाज एवढंच उरलं होतं.

"माझं आणखी एक नाव होतं," आवाज म्हणाला.

तिवट्यांना ते माहीत होतं. चार दिवस ते त्याच नावाभोवती फिरत होते आणि त्याला हात लावत नव्हते. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं त्यांनीच 'शालन' लिहिलं होतं. कुरुंदवाडहून आलेल्या मुलीचं नाव सासरी बदललं, ते तांदूळ दुसऱ्या दिवशी शिजले आणि तिचं जुनं नाव या घरात पुन्हा कुणी काढलं नाही. तांदळावरचं नाव एकेचाळीस वर्षं टिकलं. आणि स्टीलवर घातलं तेव्हा तीन दिवसांत ती हातची चालली होती.

"फडताळात वरच्या खणात," आवाज म्हणाला, "माझा शाळेतला डबा आहे."

डबा होता. झाकणावर कुणीतरी खिळ्यानं ठोकून लिहिलं होतं. कु. अंजना, रांगोळी, पहिला नंबर. अक्षर वेडंवाकडं होतं, पण तिवट्यांनी त्यावरून बोट फिरवलं आणि काम पक्कं आहे हे त्यांना कळलं.

"मग तू मला ओळखशील का?" त्यांनी विचारलं.

"बघू की. आधी दिसायला तर पाहिजे."

"मला भीती वाटते, शालन."

"मलाही वाटते. कापा."

त्यांनी झाकणातून नावापुरती पट्टी कापली. कडा मात्र नीट, दोनदा घासल्या, तिला बोचू नये म्हणून. मग जिथं मनगट असायला हवं तिथं अंदाजानं तार गुंडाळली. आवाज "अहो" म्हणाला आणि थांबला.

मनगट भरलं. मग हात, खांदा, मान, पांढऱ्या केसांचा अंबाडा, गालावरचा तीळ. एकसष्ट वर्षांची बाई पायरीवर घट्ट बसली होती, तिच्या वजनानं पायरीवरचं पोतं दबलं होतं. तिवट्यांना हुंदका आला. ती उठली, पदर नीट केला आणि आत येऊन परक्याच्या घरात उभं राहावं तशी अंग चोरून उभी राहिली.

"मामा," ती म्हणाली, "कुरुंदवाडची एसटी किती वाजता आहे?"

तिवट्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं. तिनं घड्याळाकडे पाहिलं, आणि तिवटे मध्ये उभे असूनही तिला ते अख्खं दिसलं.

"तुम्ही पुसट झालाय, मामा," ती म्हणाली.

त्यांनी खाली पाहिलं. स्वतःच्या छातीतून त्यांना फरशीवरची कानस दिसत होती, आणि कानशीशेजारी उरलेली चौदावी पट्टी. घरात "अहो" म्हणणारं माणूस आता कुणी नव्हतं, आणि दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतंच.

अंजना मायाळू होती. तिनं एसटीची घाई बाजूला ठेवली, खाली बसली, पट्टी गुडघ्यावर धरली आणि मशीन हातात घेतलं. रांगोळीत पहिला नंबर आलेला हात होता, मुळीच हलत नव्हता.

"नाव काय घालायचं?" तिनं मान वर न करता विचारलं.

"मु.," तिवटे म्हणाले.

"मु. म्हणजे? मुकुंद?"

"थांब."

"मुरलीधर?"

"थांब, पोरी. घाई करू नको. यावरचं पुसता येत नाही. दुसऱ्याच कुणाचं घातलंस तर दुसराच कुणीतरी इथं उभा राहील."

"मग लवकर सांगा. तुमचं तोंड दिसेना झालंय."

तिवटे दाराकडे वळले. बारा कुंड्या उंबऱ्यावर येऊन उभ्या होत्या. बारा जणींना नाव माहीत होतं. एकेचाळीस वर्षांत ते शालनच्या तोंडून एकदाच बाहेर पडलं होतं, मांडवात, करवल्यांनी दार अडवलं तेव्हा, उखाण्याच्या शेवटी, इतक्या हळू की ते फक्त त्यांना एकट्याला ऐकू गेलं. त्यानंतर रेशनच्या दुकानात नाही, दवाखान्यात नाही, डॉक्टर चिडले तरी नाही. तिथंही तिनं पिशवीतून कार्ड काढून पुढं केलं होतं.

ते कुंड्यांपुढं गुडघ्यांवर बसले. त्यांच्या गुडघ्यांतून उंबऱ्याची रांगोळी दिसत होती.

"शालन," ते म्हणाले, "लोक थांबलेत. नाव घे."

बाराही झाडांनी माना खाली घातल्या. कढीपत्त्याची पानं मिटली, मोगऱ्यानं तोंड अडुळशाआड लपवलं, गवती चहात कुणीतरी खुदकन हसलं, मग हळूच नाव आलं, आणि मागं अंजनानं मशीन सुरू केलं.