सोमवारचं धुणं

युलालीनं भेंडी चिरायची सुरी बाजूला ठेवली, एप्रनला हात पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून गुणगुणायला सुरुवात केली. समोर खुर्चीच्या अगदी कडेवर मिस्टर ऑनोरे लाबात बसले होते. क्लॅरिनेट मांडीवर आडवं, डोळे मिटलेले. चौथी ओळ झाली तशी ती थांबली. त्यांनी वाद्य तोंडाला लावून तेवढाच तुकडा वाजवला. शेवटचा सूर जरा घसरला.

"तो खाली उतरत नाही," युलाली म्हणाली. "दारात उभा राहतो. आत येत नाही आणि परतही जात नाही."

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला त्याचंच वाजवणं शिकवतेस होय गं पोरी?"

"तुम्ही हरवलंत. मी जपलं, म्हणून शिकवते."

पोरगी एकाहत्तर वर्षांची होती. तिनं परत सुरी हातात घेतली आणि परत तीच ओळ गुणगुणली. या वेळी सूर दारात उभा राहिला.

'सोमवारचं धुणं' ही चीज ऑनोरेंनी रेकॉर्ड केली त्याला चोपन्न वर्षं झाली होती. तेव्हा युलाली सतरा वर्षांची, इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी पिळायला. फळीवरच्या रेडिओवर एका सकाळी ती लागली. ट्रम्पेटचं झालं, ट्रॉम्बोनचं झालं, आणि मग त्या वाफेत आणि साबणाच्या वासात क्लॅरिनेट असं काही बोलायला लागलं की युलालीच्या हातातली चादर तशीच राहिली आणि मुकादमीण खेकसली. पहिला पगार झाला तशी तिनं जाऊन ती रेकॉर्ड आणली. त्यानंतर न्यू ऑर्लिन्समध्ये जिथं ऑनोरे लाबात वाजवणार तिथं युलाली पहिल्या रांगेत ठरलेलीच. लग्न असो, प्रेतयात्रा असो, चर्चची जत्रा असो. तिचा नवरा अल्फोन्स चारचौघांत म्हणायचा, बायको माझी, पण कान लाबातला देऊन बसलीय.

एक तक्रार मात्र तिच्या मनात कायम राहिली. रेकॉर्डवर जे वाजवलं होतं ते या माणसानं लोकांसमोर पुन्हा कधी वाजवलं नाही. चीज तीच, पण आपली एकट्यानं वाजवायची पाळी आली की गडी दर वेळी नवीच वाट धरायचा. लोक खूश व्हायचे. युलालीही टाळ्या वाजवायची, पण मनात म्हणायची, बाबा रे, मरायच्या आधी एकदा तरी ते वाजव.

आता नवी वाट धरली की ऑनोरे परत यायचं विसरत होते. दर रविवारी दुपारी तीनला, चर्च सुटून लोक जेवून आले की वस्तीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये बँड वाजवायला बसतो. तीन रविवारांपूर्वी ते मधेच थांबून छताकडे बघत राहिले. गेल्या रविवारी एकाच ओळीभोवती सहा वेळा फिरले आणि शेवटी लायनेलनं ट्रम्पेट फुंकून त्यांना बाहेर काढलं.

हा लायनेल टुरो बँडचा म्होरक्या. सोमवारी तो युलालीकडे आला. त्या गावात सोमवार म्हणजे घरोघरी राजमा-भात, त्यामुळे आधी जेवला, ताट पुसून खाल्लं, आणि मग बोलायला लागला.

"मिस युलाली, माझ्या बापाबरोबर वाजवलंय त्यांनी. मला काय हौस आहे का? पण लोक टाळ्या वाजवतात ना, त्या कीव येऊन वाजवतात. ते मला बघवत नाही."

शेजारच्या बॅटन रूज शहरातली एक मुलगी त्यानं बघून ठेवली होती. चांगली वाजवते, म्हणाला. युलालीनं त्याच्याकडून एकच रविवार मागून घेतला. या खेपेला ऑनोरे वाट चुकले तर त्यापुढच्या रविवारपासून त्या खुर्चीवर ती मुलगी बसेल आणि हे त्यांना लायनेल स्वतः जाऊन सांगेल, असं ठरलं. ऑनोरेंना यातलं काहीच माहीत नव्हतं. पण ज्याची बायको जाऊन नऊ वर्षं झाली आणि मुलं ह्यूस्टनला आहेत, त्या माणसाच्या आठवड्यात रविवारखेरीज असतं तरी काय? युलालीला रात्रभर झोप आली नाही.

सकाळी तिला सुचलं. नवी वाट नको, जुनीच धरायची. रेकॉर्डवरची, ठरलेली, प्रत्येक सूर जिथल्या तिथं. आंधळ्यानं कठड्याला हात लावून जिना उतरावा तसं उतरायचं. अडचण एवढीच की रेकॉर्ड आता कुठंच नव्हती. युलालीची तीन वर्षांपूर्वीच्या पुरात चिखलात गेली, ऑनोरेंचीही गेली. कंपनी कधीच बंद पडली होती. जपानात कुणाकडे तरी एक आहे म्हणतात. पण जपान काही पुलापलीकडे नाही. तेव्हा ते वाजवणं जगात जे काही उरलं होतं ते युलालीच्या डोक्यात.

बुधवारी दुपारपर्यंत सगळं जुळून आलं. ऑनोरेंनी ते सलग दोनदा वाजवलं. दुसऱ्या खेपेला ते बुटाच्या टोकानं फरशीवर काहीतरी मोजत होते. वाजवून झाल्यावर त्यांनी विचारलं,

"हे असंच होतं?"

"अगदी असंच. अल्फोन्सची शपथ."

त्यांनी क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं. मग "बरं" म्हणाले आणि भेंडीचं गम्बो कधी होणार ते विचारू लागले.

रविवारी हॉल भरलेला होता. मागच्या टेबलावर बटाट्याचं सॅलड, केक, कॉफीचं मोठं भांडं. युलाली आपल्या जागेवर बसली. लायनेलनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि नजर वळवली. चौथी चीज 'सोमवारचं धुणं'. ट्रम्पेट झालं, ट्रॉम्बोन झालं. ऑनोरे खुर्चीच्या पाठीला धरून उठले. युलालीनं दोन्ही हात मांडीत घट्ट धरून ठेवले.

ब्लूजचं एक आवर्तन बारा खंडांचं असतं. ऑनोरेंना दोन आवर्तनं वाजवायची होती. पहिलं त्यांनी जसंच्या तसं वाजवलं. तो सूर दारात उभा राहिला तेव्हा युलालीच्या डोळ्यांत पाणी आलं. चोपन्न वर्षांनी ती ते त्याच माणसाच्या तोंडून ऐकत होती. दुसरं आवर्तन सुरू झालं. ती मनातल्या मनात पुढे पुढे गात होती आणि क्लॅरिनेट बरोबरीनं येत होतं.

आणि मधेच क्लॅरिनेट थांबलं.

युलाली मनात पुढची ओळ गाऊन मोकळीसुद्धा झाली, पण ऑनोरे वाजवेनात. ते छताकडे बघत होते. लायनेलचं ट्रम्पेट छातीपर्यंत वर आलं. संपलं, युलालीला वाटलं, मीच घात केला, आहे तसं सोडायला हवं होतं.

मग ऑनोरेंनी काहीतरी वाजवलं. ते युलालीनं कधी ऐकलं नव्हतं. खालच्या पट्टीत, हळू, एखादी गोष्ट जाता जाता सांगावी तसं. जेमतेम दोन खंड. आणि लगेच तिनं शिकवलेली पुढची ओळ अचूक उचलली, शेवटपर्यंत नेली आणि सगळ्या बँडबरोबर समेवर आणून ठेवली. लायनेलनं ट्रम्पेट खाली घेतलं. मागून कुणीतरी "हां!" म्हणालं आणि टाळ्या पडल्या. त्या कसल्या टाळ्या आहेत हे ओळखण्याइतकी वर्षं युलालीनं त्या हॉलमध्ये काढली होती.

तिचं लक्ष मात्र आपल्या पायाकडे होतं. घरी ती ओळ आली की तिच्या पायाचा ठेका नेहमी चुकायचा. चीजच तशी अवघड आहे, असं ती आयुष्यभर समजत आली. आज ठेका चुकला नव्हता. आणि मग तिला ते आठवलं. रेकॉर्ड आणल्याच्या पहिल्याच आठवड्यात अल्फोन्स, तेव्हा तो नवरा व्हायचा होता, नाचता नाचता कपाटावर धडकला आणि सुई तबकडीवरून फराटा ओढत गेली. चार दिवस ती त्याच्याशी बोलली नव्हती. त्यानंतर सुई रोज तिथं उडी मारायची आणि तिच्याबरोबर युलालीही. होता होता आपण उडी मारतोय हेच ती विसरून गेली. तिनं शपथेवर शिकवलं ते दोन खंड कमी होतं.

कार्यक्रम संपल्यावर लायनेल खाली आला. बॅटन रूजचं नाव त्यानं काढलं नाही.

"पुढच्या रविवारी तीनला," तो म्हणाला. "त्यांना वेळेवर घेऊन या. तुम्हालाच उशीर होतो, मिस युलाली, त्यांना नाही."

ऑनोरेंना ती आपल्या गाडीतून घरी सोडायला निघाली. तिला लाज वाटत होती. दोन चौक गेल्यावर तिनं एकदाचं सांगून टाकलं, ओरखडा, अल्फोन्स, सगळं. ऑनोरे खिडकीबाहेर बघत होते.

"मी बुधवारीच मोजलं होतं," ते म्हणाले. "नावं विसरतो गं मी. काल मीठ कुठं ठेवलं ते सापडेना. पण बारापर्यंत मोजायला नाही विसरत."

"मग बोलला का नाहीत?"

"तू डोकं खाजवून खाजवून ते दोन खंड भरले असतेस. मग तेही मला तुझ्यासारखेच वाजवावे लागले असते."

युलालीला ते लागलं. त्यांनी लागावं म्हणून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्तच लागलं. रेकॉर्डवरचं वाजवा, रेकॉर्डवरचं वाजवा, म्हणत ती पन्नास वर्षं पहिल्या रांगेत बसली होती. आणि हा माणूस सगळं विसरत चालला असताना, बाकीचं तिचं ऐकून तेवढे दोन खंड आपल्यासाठी मागे ठेवत होता. तिनं गाडी हळू केली, उगीचच.

घरासमोर गाडी थांबली तरी ऑनोरे लगेच उतरले नाहीत. वाद्याच्या पेटीवर हात ठेवून बसले.

"मी काय वाजवलं गं तिथं?" त्यांनी विचारलं. "आठवतंय तुला?"

तिला सूर न् सूर आठवत होता. कुठून उचललं, कुठला सूर जरा वाकवला, कुठं श्वास घेतला, सगळं. तिनं मनात आणलं असतं तर या क्षणी ते गुणगुणून दाखवता आलं असतं.

"छे," युलाली म्हणाली. "माझंही वय झालं आता."

"मलाही नाही आठवत," ऑनोरे म्हणाले. त्यांच्या आवाजात खंत नव्हती. "मग बरंच झालं. रविवारी बघू." आणि पेटी छातीशी धरून ते सावकाश खाली उतरले.