ऑटोवरची मोटर

तुळजाबाईनं पायातली चप्पल काढून ओट्यावरच्या कोंबड्यांवर भिरकावली आणि खाटेचा एक खूर स्वतःच धरला.

"वढ," ती सुनेला म्हणाली. "आसं कवतिकानं काय धरून राह्यली? पाळणा हाय का?"

साधनानं खाट ओढत ओट्याच्या पार कडेला, लिंबाखाली आणली. घरात पत्र्याखाली फोन धरला की समोरच्या माणसाचं तोंड उघडंच राहायचं आणि आवाज गडप व्हायचा. माळवदावर रेंज चांगली होती, पण लोखंडी शिडी चढायला तुळजाबाईचे गुडघे राजी नव्हते. उरली ही ओट्याची कड. पलीकडे हातभर गल्ली आणि गल्लीच्या पलीकडे सर्जेरावांचा ओटा. सर्जेराव तिथं सकाळपासून असे बसून असायचे, जणू येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी मांडायला सरकारनंच त्यांना नेमलं आहे.

"आत्या, या बारीला खरं सांगा," साधना खाटेवर गोधडी टाकत हळूच म्हणाली. "मागच्या बारीला समदं झकास म्हणलात. मंग त्यांनी मशीन हाय तसंच ठिवलं."

"भुजंग समोर उभा व्हता. पोटच्या लेकासमोर काय सांगू, कप्पाळ?"

"परवा सुपारी हाय."

गोधडीचा कोपरा दुमडला होता, तो तुळजाबाईनं सरळ केला. नऊवारी लुगड्यांची, बारीक टाक्यांची ही गोधडी तिची स्वतःची. अलीकडे साधनाखेरीज तिला कोणी हात लावलेला तुळजाबाईला खपत नसे. धुवायचीसुद्धा तीच.

परवा अंबडला आकांक्षाची सुपारी फुटायची होती. भुजंगाची एकुलती एक पोर. मुलाकडची पन्नासएक माणसं येणार, आणि घरातली थोरली म्हणून नवरीला पहिलं कुंकू तुळजाबाईनं लावायचं. म्हणजे दोन-तीन तास सतरंजीवर बसायचं, चार लोकांत. गुडघे दुखतात म्हणून घरी राहायचं सोंग तिनं मनात रचूनही ठेवलं होतं. पण अंबडला शिकायला असलेल्या नातीनं काल फोनवर नुसतं एवढंच विचारलं होतं, "आजी, तू येणार ना?" आणि तुळजाबाईनं खेकसून उत्तर दिलं होतं, "न यायला मेले का मी?"

चार महिन्यांपूर्वी संभाजीनगरच्या दवाखान्यात तिच्या कमरेखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं मशीन बसवलं होतं. लघवीवर ताबा ठेवणाऱ्या नसेला ते बारीक झटके देत राहायचं. गावाला सांगितलं होतं, कमरेचं आपरेशन. खेपा वाचाव्यात म्हणून दवाखान्यानं एक रिमोटही दिला होता. तो कमरेला लावायचा, फोन जोडायचा, की तिकडे बसलेला माणूस इथलं मशीन कमी-जास्त करणार. ही सोय चांगलीच होती. वाईट एवढंच, की तो माणूस प्रश्न विचारायचा.

फोन वाजला. पडद्यावर केदार आला, चष्म्याचा, गोरटेला, तिच्या नातवाच्या वयाचा.

"नमस्कार आजी! कशी आहे तब्येत? लघवीवर कंट्रोल—"

"हळू!" तुळजाबाईनं फोनवर असा हात मारला की तो साधनाच्या हातातून सुटता सुटता राहिला. समोर सर्जेरावांनी मान वर केली होती. ओट्याच्या कोपऱ्याला, हौदापाशी, कौसल्या घागर भरत होती.

कौसल्या भावकीतलीच, लांबची जाऊ. नवरा गेला, शेत दिरांनी घेतलं. तिला ना विहीर, ना बोअर; रोजच्या दोन घागरी तुळजाबाईच्या हौदातून न्यायची. कुणाच्याही दारात गेली तरी बगलेत पोत्याचा एक तुकडा असायचा. तो अंथरून उंबऱ्याबाहेर बसायची, खाटेवर बस म्हटलं तरी बसायची नाही. तुळजाबाई तिला म्हणायची, "आली बघा महाराणी, आपलं शिंव्हासन घेऊन." कौसल्या हसायची.

"आजी, ऐकू येतंय का? गळती किती वेळा होते दिवसातून?"

तुळजाबाईनं सर्जेरावांकडं पाहिलं, मग आवाज चढवून, गल्लीला ऐकू जाईल असा म्हणाली, "मोटरीचं इचारून राह्यलास नव्हं? मोटर लई बिघडली, बाबा."

"मोटर?"

"व्हय. मळ्यातली मोटर. आटोवर पडलीया. आपल्याच मनानं चालू व्हती. बटनापस्तोर जावं म्हणलं, तर त्याच्या आधीच पाणी सुटतंय."

साधनानं ओठ दाताखाली धरले. केदारनं चष्मा वर सरकवला.

"अच्छा," तो म्हणाला. "दिवसातून किती वेळा चालू होते अशी?"

"मोजायची सोय न्हाई. हसलं तरी व्हती. पाणी बघितलं तरी व्हती."

"आणि रात्री?"

"राती बी लोडशेडिंग न्हाई तिला."

"बरं. आता मी हळूहळू व्होल्टेज वाढवतो. करंट कुठं लागतो ते सांगायचं. बरोबर जागी लागला पाहिजे, तरच मोटर ऐकेल."

साधनानं रिमोट पदराआडून तिच्या कमरेला लावला. आत कुठंतरी मुंग्या जाग्या झाल्या. तुळजाबाईनं खाटेची कड घट्ट धरली.

"कुठं?"

"वायर पार पायात गेलीया. आंगठ्यापस्तोर."

"नको. बदलतो. आता?"

"ढुंग—" ती थांबली. "मागल्या बाजूला. टाकीच्या मागं."

"अजून बदलतो. आता?"

आता जे झालं ते नेमकं तिथं झालं. आयुष्यात नवऱ्यालाही जिचं नाव घेऊन दाखवलं नव्हतं, त्या जागी, संभाजीनगरला बसलेल्या पोरानं बोट न लावता दिवा पेटवावा तसं. तुळजाबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पदर कपाळावर ओढला.

"आजी? कुठं लागतोय?"

पदर आणखी खाली आला.

"आजी, हे मला कळल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. लाजू नका."

"लाजतंय कोण, मुडद्या!" ती कडाडली. "वायसरपाशी! पाणी जिथनं सुटतंय तिथल्या वायसरपाशी लागून राह्यलं! आता बराबर हाय. बिलकुल बराबर. तिथंच ठिव!"

"एकदम छान," केदार म्हणाला, आणि तो हसला नाही. हे मात्र तिच्या ध्यानात राहिलं.

फोन बंद झाला. गल्लीच्या पलीकडून सर्जेरावांनी खाकरून घसा साफ केला.

"वहिनी, वायसर गेला आसंल तर फोनवर काय व्हतंय? अंगदला धाडतो की. जल्दी काम करतो."

"तुम्ही आपल्या ओट्यावरची माती सांभाळा, भावजी. आमच्या मोटरी आम्ही बघू."

पण सर्जेराव ऐकणाऱ्यातले नव्हते. दुपार कलायच्या आत अंगद मिस्तरी पाने-पकडी घेऊन दारात हजर. नेमका भुजंग मळ्यातून आलेला.

"कोणती मोटर?" भुजंग म्हणाला. "आत्ताच तर कपाशीला पाणी देऊन आलो. वायसर न्हाई, काय न्हाई, झकास चालू हाय."

"आजीनंच सांगितलं म्हणं, आटोवर पडली, गळती हाय—"

भुजंगानं आईकडं पाहिलं. आणि मग त्याला उमगलं. एवढा मिशाळ, पन्नाशीला आलेला माणूस. त्यानं मान खाली घातली आणि पायाच्या अंगठ्यानं जमिनीवरचा नसलेला खडा उकरू लागला. त्यापेक्षा तो हसला असता तर बरं झालं असतं, असं तुळजाबाईला वाटलं. तिनं अंगदला चहा पाजून, वर चार शिव्या देऊन वाटेला लावलं.

उन्हं लिंबाआड गेली तरी ती खाटेवरून उठली नव्हती. सकाळच्या फोनपासून एकदाही घाई झाली नव्हती. खरं तर आनंद व्हायला हवा होता. तिला मात्र राहून राहून संक्रांतीचं हळदीकुंकू आठवत होतं, सर्जेरावांच्याच घरचं. बायका उखाण्याला हसत होत्या, तीही हसली, आणि मांडीखाली ओल पसरली. तिनं पायानं शेजारचा तांब्या लाथाडला. सतरंजीवर पाणीच पाणी. आणि वर दाराशी बसलेल्या कौसल्येवर ओरडली, "डोळे फुटले का गं? वाटंत तांब्या ठिवती!" तांब्या कौसल्येनं ठेवलाच नव्हता. ती "चुकलं, आक्का" म्हणत उठली, आणि सगळ्या बायकांच्या आधी तिथं पोचून तिनं सतरंजी पुसली. फडक्याची वाटही न पाहता, स्वतःच्या पदरानं.

हौदाशी घागर वाजली. कौसल्या संध्याकाळची दुसरी खेप न्यायला आली होती. घागर भरली तरी ती निघाली नाही. ओट्याच्या पायरीशी येऊन उभी राहिली, बगलेत पोत्याचा तुकडा.

"सुपारीला जाऊन राह्यलात नव्हं, आक्का?"

"मंग? घरची थोरली मी. मी न्हाई तर कोण जाईल?"

"व्हय की." कौसल्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग गल्लीत कोणी नाही असं बघून, आवाज खाली आणून म्हणाली, "आक्का, सकाळचा त्यो मोटरवाला... माझी बी मोटर बघंल का हो?"

"तुझ्याकडं कुठली गं आली मो—" तुळजाबाईच्या जिभेवर शब्द तयारच होता. तो तिथंच थांबला.

कौसल्या खाली बघत होती. पोत्याचा तो तुकडा बगलेत, चारदा घडी घातलेला, धुऊन धुऊन विरलेला.

तुळजाबाईनं खाटेवर सरकून जागा केली.

"बस."

"बसते की हितं, खाली." कौसल्या पोतं अंथरायला वाकली.

"खाटंवर बस म्हणलं."

"नको, आक्का. गोधडी तुमची—"

तुळजाबाईनं हात लांब करून पोतं तिच्याकडून काढून घेतलं आणि स्वतःच्या मांडीवर ठेवलं.

"गोधडी धुता येती," ती म्हणाली. "मी बी धुती की."

कौसल्या टेकली, अगदी कडेला, अर्ध्या अंगानं. दोघींच्या मधे हातभर गोधडी रिकामी होती. समोर सर्जेराव दिवा लावून पुन्हा ओट्यावर येऊन बसत होते.

"साधने," तुळजाबाईनं आत हाक मारली, गल्लीला ऐकू जाईल अशी. "फोन आण. मोटरवाल्याला म्हणावं, आणखी एक मोटर हाय."